घाट आणि बंदर

मराठी भाषेत काही स्थळांच्या नावांना 'करणे' हे क्रियापद लागते. आपण काशी करतो, चारधाम करतो, पंढरीची वारी करतो. स्थळ ही केवळ पोहोचण्याची जागा नसून तेथे काही कर्म घडावयाचे असते, ही समजूत या प्रयोगाच्या मुळाशी आहे. संकल्प, मुंडन, श्राद्ध, दान, आणि परतल्यावर घरी मावंदे, एवढे सगळे झाल्यावरच काशी 'केली' असे म्हणता येत असे. अलीकडे हेच क्रियापद पर्यटनाला लागलेले ऐकू येते. लोक युरोप करतात, दुबई करतात, आठ दिवसांत पाच देश करतात. क्रियापद तेच राहिले. त्यातील कर्म मात्र बहुधा गळून गेले. प्रस्तुत लेखात मी ज्या दोन शहरांविषयी लिहिणार आहे त्यांपैकी एक मला जन्मापासून लाभलेले आहे आणि दुसरे अवघे आठ तास लाभले. या दोहोंना एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे पाणी. दोन्ही शहरे परक्या माणसाला आपले मुख प्रथम पाण्याकडून दाखवितात.

माझे घर वाराणसीस शिंदे घाटाच्या वरच्या अंगाला, संकटादेवीच्या मंदिराकडे जाणाऱ्या गल्लीत आहे. आमच्या पणजोबांनी कोकण सोडून येथे बिऱ्हाड केले, तेव्हापासून चार पिढ्या या गल्लीत मराठी बोलत आल्या. गच्चीवरून उजवीकडे मणिकर्णिकेचा धूर दिसतो, डावीकडे भोसले घाटाची भिंत दिसते आणि समोर नौका. लहानपणी पाहिलेल्या नौका वल्ह्यांच्या होत्या. पुढे त्यांना डिझेलची यंत्रे बसली, मग नैसर्गिक वायूची. २०१८ साली वातानुकूलित दुमजली जहाज घाटांसमोरून फिरू लागले. १३ जानेवारी २०२३ रोजी 'गंगाविलास' नावाचे नदीजहाज वाराणसीहून आसामातील दिब्रुगढकडे निघाले. सुमारे ६२ मीटर लांबीच्या, छत्तीस प्रवाशांच्या सोयीच्या त्या जहाजावर पहिल्या खेपेस स्वित्झर्लंडचे बत्तीस प्रवासी होते. प्रवास एक्कावन्न दिवसांचा, अंतर सुमारे ३,२०० किलोमीटर, वाट बांगलादेशातून. एवढ्या दीर्घ प्रवासात काशीच्या वाट्याला किती वेळ येणार, हे सांगण्यासाठी गणिताची गरज नाही.

आमच्या घाटासमोर मात्र प्रत्येक नौका मंदावते. कारण सर्वांना ठाऊक आहे. पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचे देऊळ एका अंगाला कललेले उभे आहे. हा कल सुमारे नऊ अंशांचा सांगतात. पिसाचा प्रसिद्ध मनोरा आज चार अंशांच्या आसपास कललेला आहे. नावाड्यांना ही तुलना तोंडपाठ आहे. त्यानंतर कथा येते. एका पुत्राने आईसाठी देऊळ बांधले आणि 'मातृऋण फिटले' असे उद्गार काढले. ते शब्द उच्चारताच देऊळ कलले. दुसरी कथा अहल्याबाईंच्या रत्ना नामक दासीची आहे. इतिहासाच्या दृष्टीने दोन्ही कथा संशयास्पद आहेत. १८६० च्या दशकातील छायाचित्रांत हे देऊळ कललेले दिसत नाही. तथापि नौकेतील माणसाला कथा आणि कल दोन्ही एकाच वेळी मिळतात, छायाचित्र निघते, आणि यंत्राचा आवाज पुन्हा वाढतो. माझ्या गच्चीवरून मोजले तर हा मुक्काम बहुधा तीन मिनिटांचा असतो.

ज्या घाटावर हे देऊळ आहे त्याची कथा मात्र कोणी सांगत नाही, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई या कागलच्या घाटग्यांची कन्या. १८२७ साली दौलतराव वारले आणि ग्वाल्हेरचा कारभार बायजाबाईंच्या हाती आला. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा स्तंभमंडप त्यांनी १८२८ मध्ये उभारला. १८३० च्या सुमारास मणिकर्णिकेच्या शेजारी या घाटाचे काम उभे राहिले. ते इतके अवजड होते की काठाची माती त्याखाली खचली आणि दगडी बांधकामाचा मोठा भाग नदीत गेला. गंगा येथे उत्तरवाहिनी होऊन वळण घेते. वळणाच्या बाहेरच्या काठावर प्रवाहाचा मारा अधिक असतो. नदीचा हा स्वभाव दगडाच्या वैभवाला मानवला नाही. पुढे १८३३ मध्ये खुद्द बायजाबाईंनाच ग्वाल्हेर सोडावे लागले. ज्या बाईंनी परगावी घाट बांधला त्यांना स्वतःच्या राजधानीत पाय ठेवण्यास जागा उरली नाही. घाटाला नाव मात्र शिंद्यांचेच राहिले.

आता दुसरे शहर. माझा मुलगा पंधरा वर्षे जर्मनीत आहे. पत्नीच्या निधनानंतरच्या उन्हाळ्यात त्याने मला तिकडे नेले आणि कील बंदरातून निघणाऱ्या एका प्रवासी जहाजावर आम्हां चौघांची सात दिवसांची सोय केली. त्याच्या मनात माझे मन रमविण्याचा हेतू होता, आणि आणखीही एक गोष्ट होती, ती पुढे येईल. जहाज म्हणजे अकरा मजल्यांचे हॉटेलच. त्यात दोन हजारांहून अधिक माणसे होती. रोज रात्री खोलीत दुसऱ्या दिवसाचा कागद येई. तिसऱ्या रात्रीच्या कागदावर स्टॉकहोम असे नाव होते आणि त्याखाली दोनच वेळा होत्या: सकाळी आठला उतरणे, दुपारी चारला परतणे.

स्टॉकहोमला समुद्रातून जाणाऱ्या जहाजाला बेटांच्या फार मोठ्या समूहातून वाट काढावी लागते. लहानमोठी मिळून ही बेटे हजारोंनी मोजतात. जूनमध्ये तेथे सूर्य साडेतीनच्या सुमारास उगवतो. मी चारला गच्चीवर जाऊन उभा राहिलो. काळसर ग्रॅनाइटचे खडक, त्यांवर पाइनची झाडे, मधून मधून तांबड्या रंगाची लाकडी घरे, प्रत्येक घरापुढे पाण्यात उतरणारा छोटा धक्का. तो धक्का पाहून मला घाटाची आठवण झाली. नदीकाठचा किंवा समुद्रकाठचा मनुष्य पाण्याशी प्रथम पायरीनेच बोलतो. एवढे प्रचंड जहाज मात्र तेथून अगदी हळू जात होते. चौकशी करता कळले की लाटांनी बेटांचे काठ झिजू नयेत म्हणून वेगाला मर्यादा घातलेली आहे. हे ऐकून मला आमच्या घाटापुढील यंत्रनौका आठवल्या. त्यांच्या लाटा पायऱ्यांवर आदळतात आणि स्नान करणारी म्हातारी माणसे साखळी घट्ट धरतात.

मुलाने भूगोलाची एक गोष्ट सांगितली ती मनात राहिली. हिमयुगात या प्रदेशावर बर्फाचा जो अतिप्रचंड थर होता त्याच्या भाराने जमीन दबली होती. बर्फ वितळून हजारो वर्षे लोटली, तरी भूमी अद्याप वर येतेच आहे. स्टॉकहोमजवळ वर्षाला सुमारे अर्धा सेंटिमीटर. शहराच्या पाठीशी असलेले मेलारेन हे सरोवर मध्ययुगापूर्वी समुद्राचीच खाडी होती. भूमी उंचावत गेली आणि त्याचे सरोवर झाले. भार उतरल्यावर वर येणारी ती भूमी, आणि भार चढल्यावर खचलेला आमचा घाट. मी जहाजाच्या कठड्याला टेकून हे दोन्ही एकत्र पाहत होतो.

उतरल्यावर आठ तासांचा हिशेब सुरू झाला. नगरभवन पाहावे तर वासा राहतो, वासा पाहावा तर जुन्या नगरीला तासभरच उरतो. अखेर नातीच्या आग्रहावरून वासा ठरला. वासा हे स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव आडोल्फ याने बांधून घेतलेले युद्धजहाज. लांबी ६९ मीटर, तोफा ६४, अंगभर कोरीव मूर्ती. १० ऑगस्ट १६२८ रोजी ते पहिल्याच प्रवासाला निघाले आणि सुमारे तेराशे मीटर जाऊन, बंदर ओलांडण्यापूर्वीच, वाऱ्याच्या झोताने कलंडले. तोफांसाठी ठेवलेल्या खालच्या झडपांतून पाणी शिरले आणि काठावर निरोपासाठी जमलेल्या जनसमुदायासमोर ते बुडाले. सुमारे तीस माणसे गेली. जहाजाचा वरचा भाग खालच्याच्या मानाने फार जड होता. निघण्यापूर्वी तीस खलाशांना या कडेपासून त्या कडेपर्यंत धावायला लावून त्याची परीक्षा घेतली होती. तीन फेऱ्यांतच ते इतके डोलू लागले की परीक्षाच थांबविण्यात आली. प्रवास मात्र थांबला नाही, कारण राजाला घाई होती. पुढे चौकशी झाली, शिक्षा कोणालाच झाली नाही. मुख्य जहाजबांधणीकार त्यापूर्वीच वारला होता आणि मोजमापांना राजाचीच संमती होती.

१९५६ मध्ये आंडेर्स फ्रांसेन या संशोधकाने तळाशी त्याचा शोध लावला आणि २४ एप्रिल १९६१ रोजी, ३३३ वर्षांनी, ते वर आले. बाल्टिक समुद्राचे पाणी कमी खारट असल्याने लाकूड पोखरणारा कृमी तेथे तग धरत नाही, म्हणून ते टिकले. सतरा वर्षे त्यावर एका रसायनाचे फवारे मारीत राहिले, तेव्हा कोठे ते वाळविता आले. १९९० पासून ते स्वतःच्या संग्रहालयात, मंद प्रकाशात उभे आहे. एका राष्ट्राने आपल्या अपयशासाठी बांधलेले असे मंदिर मी दुसरे पाहिलेले नाही. विजयाची स्मारके सर्वत्र असतात. येथे बुडालेल्या गर्वाला फूल नाही, धूप नाही, तरी माणसे आवाज खाली आणून बोलतात. नातीने विचारले, "आजोबा, हे आपल्या देवळासारखं आहे ना, तिरकं होऊन पडलेलं?" तिने आमचे देऊळ आयुष्यात दोनदा पाहिले होते, दोन्ही वेळा नौकेतून.

जुन्या नगरीत, गामला स्तानमध्ये, आम्हांला पाऊण तास मिळाला. तेथील मार्टेन ट्रोट्सिग नावाची गल्ली शहरातील सर्वांत अरुंद. एके ठिकाणी रुंदी जेमतेम नव्वद सेंटिमीटर, आणि चढायला ३६ पायऱ्या. दोन्ही भिंतींना हात लावून मी उभा राहिलो तेव्हा आमच्या गल्लीतच उभा आहे असे क्षणभर वाटले. फक्त गाय नव्हती आणि घंटेचा आवाज नव्हता. मार्टेन ट्रोट्सिग हा जर्मनीतील विटेनबर्गचा व्यापारी. तो १५८१ मध्ये येथे आला, त्याने या गल्लीत जागा घेतल्या, दुकान थाटले. परक्या गावाहून आलेल्या माणसाचे नाव चारशे वर्षांनी गल्लीला आहे. काशीत भोसले घाट, जटार घाट, शिंदे घाट आहेत त्याच न्यायाने. शहरे आपल्या पाहुण्यांना सहसा विसरत नाहीत, पण त्यासाठी पाहुण्याने तेथे काहीतरी ठेवावे लागते, निदान एक दुकान तरी.

याच गल्लीच्या वरच्या टोकाला, पायरीवर दम खात बसलो असता, मुलाने आपली दुसरी गोष्ट काढली. काशीचे घर विकावे असे त्याचे म्हणणे. "बाबा, तिथे तुम्ही एकटे. पायऱ्या उतरताना पाय घसरला तर पाहणार कोण? घाटाजवळच्या घरांना आता चांगली किंमत येते आहे. अतिथिगृह करणारे विचारून गेले आहेत. तुम्ही आमच्याकडे या." त्याच्या बोलण्यात लोभ नव्हता. काळजी होती, आणि ती रास्त होती. डिसेंबर २०२१ मध्ये विश्वनाथाच्या मंदिरापासून गंगेपर्यंतचा नवा प्रशस्त मार्ग खुला झाल्यापासून आमच्या भागात यात्रेकरूंची रीघ खूप वाढली आहे. गल्लीतील तीन मराठी घरे गेल्या काही वर्षांत पाहुण्यांच्या खोल्या झाली. मी लगेच उत्तर दिले नाही. चार वाजायला पन्नास मिनिटे उरली होती आणि आम्हांला जहाजाकडे परतायचे होते.

जहाज सुटल्यावर मी विचार करू लागलो. आठ तासांत पाहिलेले शहर म्हणजे शहर नव्हे, असा तुच्छतेचा सूर काशीकराच्या तोंडी सहज येतो. पण त्यात अर्थ किती? काशीला येणारा यात्रेकरूही पूर्वीपासून पाहुणाच. तो पाच दिवसांत पंचक्रोशी करी, तीर्थोपाध्यायाच्या वहीत नाव घाली आणि निघून जाई. त्याला काशीच्या गल्ल्या कळल्या होत्या असे कोण म्हणेल? मुक्कामाच्या लांबीवरून प्रवाशाची परीक्षा करणे न्याय्य नाही. नाथांनी पैठणहून येऊन येथे भागवताची टीका पूर्ण केली ती शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेस निघाले ते बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, या आशेने. यज्ञ राहिला बाजूला आणि त्यांच्या वाट्याला बंडाची धामधूम, झाशीचा वेढा आणि लूट आली. धन घेऊन घरी जावयाचे, ते राहून गेले. पण आईवडिलांसाठी गंगेची कावड त्यांनी खांद्यावर घेऊन घरापर्यंत नेली. 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापून निघाला आणि तो आजही वाचला जातो. दक्षिणेसाठी निघालेला माणूस ऋण फेडून परतला, ही त्या प्रवासाची खरी कमाई होय.

फरक येथे आहे असे मला वाटते. यात्रेकरू काही देणे घेऊन येतो आणि काही देणे लागून जातो. पितरांचे, देवाचे, ज्याच्या ओसरीवर तो उतरला त्याचे. जहाजाचा प्रवासी सर्व देणी आधीच चुकती करून आलेला असतो. त्याच्या तिकिटात शहरही धरलेले असते. स्टॉकहोमने माझ्याकडे काही मागितले नाही, आणि मीही त्याला काही दिले नाही. यात शहराचाही दोष नाही, माझाही नाही. व्यवहारच तसा ठरविलेला आहे. आमच्या घाटावरील एक वृद्ध नावाडी, ज्याच्या वल्ह्याच्या नावेतून मी शाळेतील मुले राजघाटापर्यंत नेत असे, मला एकदा म्हणाला होता, "गुरुजी, सवारी अब घाट देखती है, हमको नहीं देखती." त्याचा मुलगा नाव सोडून सुरतेला गेला. मोठी जहाजे आली तेव्हा काशीच्या नावाड्यांनी विरोधाचा आवाज उठविला, तो केवळ भाड्यासाठी होता असे मला वाटत नाही. नावेत बसलेला माणूस आणि वल्हे मारणारा माणूस यांच्यात तासाभराची का होईना ओळख होई. ती नाहीशी होते, हे दुःख त्यात होते.

आणि मग मला मुलाची आठवण झाली. तो दोन वर्षांतून एकदा, हिवाळ्यात, चार दिवस काशीस येतो. स्वच्छ आकाश, खाली उतरलेले पाणी, घासलेल्या पायऱ्या, संध्याकाळची आरती, नौकेतून कललेले देऊळ, परतीचे विमान. त्याच्या दृष्टीने जन्मगाव हेही एक बंदर झाले आहे. हे मी रागाने लिहीत नाही. आमच्या पणजोबांनाही कोकण असेच दूर गेले असेल. चार पिढ्यांत आमच्या घराण्याने एकदा घाट धरला, एकदा सोडला. त्यात अघटित काही नाही. प्रश्न एवढाच आहे की सोडताना कशाला सोडतो आहोत याची ओळख असावी की नसावी.

परत आल्यावर मी मुलाला पत्र लिहिले. त्यात घर विकू नये असे लिहिले नाही. घर त्याच्या नावावर होईल तेव्हा निर्णय त्याचाच असेल. मी एवढेच लिहिले की त्यापूर्वी एक पावसाळा त्याने येथे काढावा. आषाढापासून आश्विनापर्यंत नौका बंद असतात आणि पाहुणे कमी होतात. गंगा एक एक पायरी चढत येते. रत्नेश्वराचा गाभारा बुडतो, मग सभामंडप, मग कधी शिखरच तेवढे उरते. मणिकर्णिकेवर चितेला जागा मिळेनाशी होते आणि प्रेते वरच्या गच्चीवर नेतात. या शहरात ७१.२६२ मीटर ही धोक्याची पातळी मानतात. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. त्या वेळी आमच्या गल्लीत नाव आली होती आणि मुलाच्या आजीने खिडकीतून नावाड्याला पिठले-भात दिला होता. पाणी उतरल्यावर सर्व पायऱ्यांवर हात-दोन हात गाळ साचतो. तो धुऊन काढण्यास कार्तिक उजाडतो. घाट जो प्रवाशांना दिसतो तो या गाळाखालून दर वर्षी नव्याने काढलेला असतो, आणि तो काढणारे हात नौकेतून दिसत नाहीत.

स्वीडिश लोकांनी ३३३ वर्षे तळाशी राहिलेले जहाज सतरा वर्षे जपून वाळविले. आमच्याकडे असा सायास दर वर्षी होतो, म्हणून त्याचे संग्रहालय होत नाही. मातृऋण फिटले असे म्हणणाऱ्याचे देऊळ कलले ही कथा खोटी असेल. पण तीत सांगितलेली गोष्ट मला पटते. काही देणी फेडण्यासाठी नसतात, आठवणीत ठेवण्यासाठी असतात.

मुलाचे उत्तर आले आहे. पूर्ण पावसाळ्याची रजा मिळणे शक्य नाही, पण श्रावणात तीन आठवडे येईन, मुलीलाही आणीन, असे तो लिहितो. तीन आठवडे म्हणजे पुष्कळ झाले. तेवढ्यात गंगा वीसएक पायऱ्या तरी चढेल.